‘खरा स्कॉटिश’ कुठं फुली मारतो?

फॅमिली ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा फिरत आला. चेहऱ्याला निळा रंग फासलेला योद्धा, मागे डोंगर आणि खाली मजकूर: ‘स्कॉटलंड ही इंग्रजांची शेवटची वसाहत. 2014 ला खऱ्या स्कॉटिश जनतेनं स्वातंत्र्य मागितलं, पण तिथं राहणाऱ्या इंग्रजांनी ते हाणून पाडलं. ब्रेक्झिटनंतर सगळा स्कॉटलंड एक झालाय. भाषेसाठी आणि अस्मितेसाठी लढणाऱ्या या लोकांकडून मराठी माणसानं शिकावं.’ शेवटी जोडलेले तीन हात. एरवी अंगठा दाखवून पुढे गेलो असतो. पण मी ग्लासगोत राहतो आणि 2014 च्या त्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात माझंही एक मत होतं, म्हणून एकेक वाक्य धरून बोलतो.

आधी ती वसाहत. 1603 मध्ये दोन राजमुकुट एका डोक्यावर आले, आणि ते डोकं स्कॉटलंडच्या राजाचं होतं. सहावा जेम्स एडिंबरा सोडून लंडनला गेला आणि इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. पुढे 1707 मध्ये दोन्ही संसदांनी करार मंजूर करून एक संसद केली. हा करार जनतेला विचारून झाला नव्हता. त्याविरुद्ध एडिंबरा आणि ग्लासगोत दंगे झाले, सरदारांना पैसे चारल्याचं बोललं गेलं आणि त्यात तथ्यही होतं. पण सरदारांचे खिसे रिकामे का होते, तेही बघा. पनामाच्या डेरियन किनाऱ्यावर स्वतःची वसाहत वसवायला स्कॉटलंडनं आपली पुंजी घातली होती. रोगराई, उपासमार आणि स्पॅनिश लष्कर यांच्यापुढे तिचा बोऱ्या वाजला. करारात स्कॉटलंडनं आपले कायदे, न्यायालयं, चर्च आणि शाळा राखल्या. स्कॉटलंडची कायदेव्यवस्था आजही वेगळी आहे.

आणि आपण मराठी माणसांनी तरी हे वाक्य पुढे ढकलू नये. खडकीच्या लढाईच्या वेळी, 1817 मध्ये, पुण्यातला रेसिडेंट असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश. त्याच्यामागून गव्हर्नर झालेला जॉन माल्कम स्कॉटिश. साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी कंपनीचा माणूस म्हणून बसलेला आणि मग मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, तोही स्कॉटिश. मुंबईत कॉलेज काढणारे मिशनरी जॉन विल्सनही तिथलेच. आपण सगळ्यांना सरसकट ‘इंग्रज’ म्हणून मोकळे झालो, म्हणून हा गोंधळ. मी रोज ग्लासगोच्या बुकॅनन स्ट्रीटवरून जातो. ते नाव एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचं आहे, आणि तो तंबाखू अमेरिकेत गुलामांकडून पिकवून घेतलेला होता. जवळच जमैका स्ट्रीट आहे. साम्राज्याच्या पंगतीत स्कॉटलंड वाढपी नव्हता, जेवायला बसलेला होता. लंडनच्या कारभाराबद्दल त्यांच्या तक्रारी खऱ्या असतील, पण त्या भागीदाराच्या तक्रारी आहेत.

आता ‘खरी स्कॉटिश जनता’. मेसेजचा सगळा डोलारा याच दोन शब्दांवर उभा आहे.

माझ्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहतं. 2014 च्या उन्हाळ्यात त्यांच्या एकाच खिडकीला दोन स्टिकर होते: डावीकडे निळा ‘येस’ आजोबांचा, उजवीकडे ‘नो थँक्स’ आजींचा. आजोबा निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांचं म्हणणं असं की आम्ही मत देतो एकाला आणि लंडनमध्ये सरकार येतं दुसऱ्याचं. 2010 मध्ये लंडनच्या संसदेतल्या स्कॉटलंडच्या 59 जागांपैकी हुजूर पक्षाला मिळाली एक, तरी पंतप्रधान त्यांचाच. आजींना काळजी पेन्शनची आणि पौंडाची. वेगळं झाल्यावर पौंड वाटून घेणार नाही, असं लंडननं फेब्रुवारीतच बजावलं होतं. फुटबॉलची मॅच असली की दोघांच्या गळ्यात तोच निळा-पांढरा मफलर. एकदा जिन्यात मी आजींना भाबडेपणानं विचारलं, तुम्ही स्वतःला ब्रिटिश मानता का? त्या थांबल्या, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, त्याच्याइतकीच मी स्कॉटिश आहे बाळा, फक्त हिशेब मला जास्त येतो.

घरातली ही गंमत आकड्यांतही दिसते. 2011 च्या जनगणनेत 62 टक्के लोकांनी आपली ओळख ‘फक्त स्कॉटिश’ अशी लिहिली, शिवाय 18 टक्क्यांनी ‘स्कॉटिश आणि ब्रिटिश’ अशी. तीन वर्षांनी स्वातंत्र्याला मतं पडली 44.7 टक्के. म्हणजे स्वतःला स्कॉटिश म्हणवणाऱ्या लाखो लोकांनी ‘नाही’पुढे फुली मारली. ‘नाही’च्या प्रचाराचे म्होरके अ‍ॅलिस्टर डार्लिंग स्कॉटलंडचेच खासदार होते, आणि शेवटच्या आठवड्यात सभा गाजवणारे माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन म्हणजे फाइफमध्ये वाढलेले पाद्र्याचे चिरंजीव. त्यांना ‘खोटे स्कॉटिश’ म्हणून दाखवा बरं.

जिल्हावार निकाल तर आणखी बोलका आहे. ‘हो’ जिंकलं ते डंडी, ग्लासगो आणि आसपासच्या दोन जिल्ह्यांत. जहाजं, कोळसा, पोलाद बसल्यावर जिथं गरिबी मुक्कामाला आली, तो हा पट्टा. मजुरांचा आणि वर्षानुवर्षं मजूर पक्षाचा. किल्ला आणि बॅगपाइप मिरवणाऱ्या एडिंबरात 61 टक्के ‘नाही’. तेलाची राजधानी अ‍ॅबरडीन ‘नाही’. पर्थ, अँगस, मरी हे स्वातंत्र्यवादी एसएनपीचे (स्कॉटिश नॅशनल पार्टीचे) जुने गड, तिथंही ‘नाही’. अस्मितेचा नकाशा आणि मतांचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर जुळत नाहीत. वर्ग, वय आणि पोटापाण्याची चिंता मध्ये येते.

‘तिथल्या इंग्रजांनी हाणून पाडलं’ या वाक्यात मात्र थोडं खरं दडलेलं आहे. मतदानानंतरच्या अभ्यासात असं दिसलं की स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्यांत ‘हो’ला किंचित बहुमत होतं, आणि ब्रिटनच्या इतर भागांत जन्मलेल्यांनी मोठ्या संख्येनं ‘नाही’ म्हटलं. हे लपवायचं कारण नाही. पण यावरून पुढची उडी मारता येत नाही. ‘नाही’ला 20,01,926 मतं पडली. इंग्लंडमध्ये जन्मलेले सगळे लोक, पाळण्यातल्या बाळांसकट, जनगणनेनुसार सुमारे 4 लाख 60 हजार. सगळ्यांनी ‘नाही’ म्हटलं असं धरलं, तरी उरलेली 15 लाख मतं कुणाची? ‘स्कॉटिश विरुद्ध इंग्रज’ नव्हतं ते. जवळजवळ अर्धे स्कॉटिश एका बाजूला होते आणि अर्धे दुसऱ्या.

शिवाय जन्मावरून मत मोजायचं नाही, हा निर्णय स्कॉटलंडचा अंतर्गत कारभार बघणाऱ्या, स्वातंत्र्यवाद्यांच्या एडिंबरातल्या सरकारनंच घेतला होता. जो इथं राहतो तो मतदार, वय 16 पासून. युरोपीय नागरिकांना मत, राष्ट्रकुलातल्या आमच्यासारख्यांना मत. उलट डनब्लेनमध्ये वाढलेला टेनिसपटू अँडी मरे मतदानाच्या सकाळी ‘हो’च्या बाजूनं जाहीर बोलला, पण त्याला मत नव्हतं, कारण घर इंग्लंडमध्ये. त्या दिवशी भारतीय पासपोर्टवाला मी शाळेतल्या मतदान केंद्रात पेन्सिलीनं फुली मारत होतो आणि विम्बल्डन जिंकलेला स्कॉटिश गडी बघ्यांच्या रांगेत. कोण ‘खरा’ हे ठरवायचा तराजू त्या चळवळीनंच बाजूला ठेवला होता, आणि त्याबद्दल मला तिचं कौतुक वाटतं.

‘ब्रेक्झिटनंतर सगळा स्कॉटलंड एक झाला’ म्हणे. 2016 मध्ये 62 टक्क्यांनी युरोपात राहायचं म्हटलं आणि सगळ्या 32 जिल्ह्यांत तोच कौल आला, हे खरं. पण दहा लाखांहून जास्त लोकांनी बाहेर पडायला मत दिलं. एसएनपीच्या मतदारांपैकी जवळपास एक तृतीयांश त्यांच्यात होते. लंडनचं राज्य नको, तसं ब्रसेल्सचंही नको, असा त्यांचा सरळ हिशेब. म्हणजे एकी सोडाच, दोनाचे चार गट झाले. 2015 मध्ये निम्मी मतं आणि 59 पैकी 56 जागा घेणारी एसएनपी 2017 मध्ये 35 वर आली, 2019 मध्ये 48 वर गेली आणि 2024 मध्ये 57 पैकी 9 वर आपटली. त्याच वेळी चाचण्यांमध्ये स्वातंत्र्याचा पाठिंबा निम्म्याच्या आसपासच घुटमळत होता. म्हणजे पक्ष आणि ध्येय यांचीही गाठ सैल आहे. आणि आठवण म्हणून सांगतो, 1955 मध्ये याच स्कॉटलंडनं निम्मी मतं हुजूर पक्षाच्या गटाला दिली होती.

मेसेजवाल्याला एक मुद्दा मीच फुकट देतो. 2022 च्या जनगणनेत ‘फक्त स्कॉटिश’ 65.5 टक्क्यांवर गेले, ‘फक्त ब्रिटिश’ 8.4 वरून 13.9 वर, आणि दोन्ही म्हणवणारे 18.3 वरून 8.2 टक्क्यांवर आले. मधली जागा आक्रसतेय. उद्या ओळखीवरून मत ओळखता येईल, अशी भीती इथल्या बऱ्याच जणांना वाटते. म्हणून आजच तसं झालंय असं म्हणायचं का?

भाषेचं थोडक्यात. गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा बोलणारे 2022 मध्ये सुमारे 70 हजार, लोकसंख्येच्या 1.3 टक्के. त्यांचा बालेकिल्ला म्हणजे पश्चिमेची बेटं, आणि तिथं 2014 ला 53 टक्के ‘नाही’. स्वातंत्र्यवाद्यांचा प्रचार इंग्रजीत झाला आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मराठीच्या लढ्याला दाखले हवेत तर दुसरीकडे शोधावे लागतील.

शेवटी दोन माणसं. हमझा युसुफ आणि अनस सरवर, दोघं ग्लासगोत जन्मलेले, दोघांची मुळं पाकिस्तानातली, दोघं एकाच हचेसन्स शाळेत शिकलेले. 2016 मध्ये किल्ट घालून उर्दूत शपथ घेतलेले युसुफ 2023 मध्ये एसएनपीचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटलंडचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा समोर विरोधी बाकावर ब्रिटन अखंड ठेवू म्हणणारे मजूर पक्षाचे सरवर. आता यांच्यातला खरा स्कॉटिश कोण, ते त्या निळ्या रंगाच्या योद्ध्यानं सांगावं.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दोन तास शांतता. मग काकांचा एका ओळीचा मेसेज आला: ‘ते सगळं ठीक रे, पण तू कुठं फुली मारलीस?’ काका, मतदान गुप्त असतं. वरच्या आजींनाही अजून सांगितलेलं नाही.