बंदरात उतरलेला कचरा परत पाठवता येत नाही, हे कुणी सांगितलं?

परवा आत्याकडे गेलो तर ओट्याखालचा सुक्या कचऱ्याचा डबा दिसेना. गेली कित्येक वर्षं ती दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला देते. विचारलं, तर म्हणाली, "काय उपयोग रे? परदेशातला कचरा जहाजं भरभरून इथे येतोय आणि मी पिशव्या धूत बसू?" आणि फोन पुढे केला. 'भारत जगाची कचराकुंडी' हा मेसेज. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आधीच दोनदा येऊन गेला होता. त्यातले दावे असे: कचरा आणायला आपल्याकडे बंदीच नाही, सरकार त्याचे डॉलर घेतं, एकदा बंदरात उतरलेला कंटेनर परत पाठवता येत नाही, म्हणून घरात कचरा वेगळा करणं हा वेडेपणा.

बंदी नाही? धोकादायक व इतर कचऱ्याच्या आयातीसाठी 2016 चे केंद्राचे नियम आहेत. फेकण्यासाठी, पुरण्यासाठी कुठलाही असा कचरा आणायला त्यांत साफ मनाई आहे. घरगुती कचरा मनाईच्या यादीत आहे. प्लास्टिकही होतं, पण विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या कारखान्यांना सूट होती. मार्च 2019 च्या दुरुस्तीने तीही गेली.

डॉलरचं म्हणणं तर उलटंच आहे. रद्दी आणि धातूचं भंगार इथले कारखानदार पैसे मोजून विकत आणतात.

मला खरा राग आला तो तिसऱ्या दाव्याचा. बेकायदा माल आला तर आयातदाराने तो स्वतःच्या खर्चाने 90 दिवसांत परत पाठवायचा, असं याच नियमांत लिहिलंय. आणि आयातदाराला खर्च भरायला लावल्याचं, हे नियम येण्याआधीचं उदाहरण आपल्या न्हावाशेवा बंदरातलंच आहे. वंगणाचं तेल म्हणून आणलेले 133 कंटेनर तिथे पडून होते. तपासणीत निघालं धोकादायक टाकाऊ तेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 5 जानेवारी 2005 च्या आदेशात न्यायालयाने ते तेल भट्टीत जाळून नष्ट करायला सांगितलं, आणि खर्च घातला 15 आयातदारांच्या माथी. फिलिपिन्सने तर 2013-14 मध्ये कॅनडातून 'पुनर्वापराचं प्लास्टिक' म्हणून आलेल्या मालातले 69 कंटेनर मे 2019 मध्ये परत जहाजावर चढवले. आत वापरलेले डायपर होते. वर्षं गेली, भांडावं लागलं, पण गेले ना परत? 'परत पाठवताच येत नाही' हे ऐकून सगळ्यात खूश कोण होईल? खोटे कागद करून माल आणणारा. लोकांनी विचारायचंच सोडलं की त्याचं काम सोपं.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. कचरा येतो. रद्दीची आयात कायदेशीर आहे आणि तिच्या गठ्ठ्यांत प्लास्टिक दडून येतं. उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरच्या कागद गिरण्यांभोवती त्याचे ढीग पत्रकारांनी दाखवलेत. श्रीमंत देशांनी गरीब देशांत धोकादायक कचरा पाठवूच नये, ही बाझल करारातली (धोकादायक कचऱ्याच्या देशोदेशींच्या ने-आणीवरचा आंतरराष्ट्रीय करार) दुरुस्ती डिसेंबर 2019 मध्ये लागू झाली, पण भारताने ती अजून स्वीकारलेली नाही. अमेरिका तर मूळ करारातच नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हे लिहिलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता. गठ्ठे बंदरात उघडून कोण बघतं, हा प्रश्न विचारायला हवा. त्याऐवजी त्याने माझ्या आत्याला पिशव्या धुवायचं सोडायला लावलं.

आणि त्याचा परिणाम नेमका उलटा होतो. इथलं प्लास्टिक ओल्या कचऱ्यात बरबटलेलं मिळतं, म्हणून बाहेरचा स्वच्छ माल आणू द्या, हेच कारण आयात मागणारे पुढे करत आले आहेत. तुझी धुतलेली पिशवी हे त्यांना उत्तर आहे, आत्या. डबा परत ओट्याखाली ठेव.