मॅडमना माहीत असून भागत नाही

डिसेंबरात नाशिकला आले होते, तेव्हा इंदिरानगरमधल्या मावसबहिणीच्या प्ले ग्रुपमध्ये दोन सकाळी जाऊन बसले. मुलं चाळीसच्या आसपास, तीन टीचर आणि एक मावशी. फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी औषधाच्या तीन बाटल्या होत्या, तिन्हींत गुलाबी औषध. दोन बाटल्यांना रबरबँडने नावाची चिठ्ठी अडकवलेली, तिसरीची चिठ्ठी ओली होऊन खाली पडलेली. कुणाची बाटली ते टीचरने क्षणात सांगितलं आणि ते बरोबरही होतं. माझ्या पोटात मात्र गोळा आला. त्या दिवशी ती टीचर रजेवर असती तर? मुलं सांभाळायचे नियम मालकिणीइतकेच प्रत्येक टीचरलाही ठाऊक हवेत, असं माझं म्हणणं आहे.

मी मेलबर्नमध्ये नऊ वर्षं चाइल्डकेअरमध्ये काम करते. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात आपल्याकडच्या एक आजी नातवाला सोडायला आल्या आणि घरच्या छोट्या बाटलीत काढून आणलेलं सिरप माझ्या हातात ठेवलं. "दुपारी पाच एमएल दे गं." मला ते घेता येत नव्हतं. औषध मूळ बाटलीत हवं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल तर लेबलवर मुलाचं नाव हवं, पालकांची लेखी परवानगी हवी, आणि देताना दुसऱ्या व्यक्तीने मूल आणि मात्रा तपासायला हवी. आजी दुखावल्या. पण दम्याचा झटका आला तर मात्र परवानगीची वाट न पाहता औषध देता येतं, तेही त्याच नियमांत आहे. ही दुसरी गोष्ट ज्या टीचरला ठाऊक नसते, ती ऐन वेळी फोन लावत बसते.

बहिणीचं म्हणणं वेगळं. २०२५ मध्ये राज्य सरकारने ३ ते ६ वयोगटाच्या खासगी केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं, तेव्हापासून तिच्या ओळखीच्या सगळ्या प्ले ग्रुपवाल्यांत हाच विषय. "ताई, नोंदणी, कागद, परवाने मी बघते. टीचरना पगार तो किती, त्यांच्या डोक्यावर कायदा कशाला? त्यांनी मुलांवर माया करावी."

पगाराचं तिचं बोलणं खरं आहे. ऑस्ट्रेलियात खोलीत काम करणाऱ्यांना सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा करावा लागतो, नियम त्या शिक्षणातच येतात आणि त्या शिक्षणाचा पगारात हिशेब असतो. तुटपुंज्या मानधनावर मुलींना राबवायचं आणि वर कायदाही पाठ करा म्हणायचं, हा अन्याय होईल. पण कायदा मालकिणीपुरता, हे मला अजिबात पटत नाही. कारण मी स्वतः त्यातून गेले आहे.

मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात ३ वर्षांखालच्या दर ४ मुलांमागे एक शिक्षिका लागते. माझ्या पहिल्या नोकरीत आमच्या मॅनेजर ऑफिसात बसून स्वतःला त्या हिशेबात धरायच्या. मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करत असेल तीच मोजायची, हे मला सहा महिने माहीत नव्हतं. खोलीत नऊ मुलं आणि आम्ही दोघी. एकीने लंगोट बदलायला घेतला की उरलेली आठ एकीच्या गळ्यात. मी गप्प राहिले, कारण बोलायला आधार नव्हता. नियम वाचल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं. टीचरच्या हातात एरवी काही नसतं, ना पगार ना पद. नियम ठाऊक असणं एवढीच तिची ताकद.

तिकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. २०२५ च्या जुलैत मेलबर्नमधल्या एका चाइल्डकेअर कर्मचाऱ्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप ठेवल्याचं जाहीर झालं आणि सुमारे १२०० मुलांची तपासणी करून घ्यायला पालकांना सांगितलं गेलं. नियम २०१२ पासून होते, तरी हे झालं. त्या आठवड्यात आम्ही कामावर एकमेकींच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हतो. सप्टेंबरपासून केंद्राने अत्याचाराची तक्रार सरकारी नियामकाला कळवायची मुदत ७ दिवसांवरून २४ तासांवर आली. आणि मुदत कितीही कमी केली, तरी खोलीत काहीतरी खटकतं ते टीचरलाच, ऑफिसातल्या माणसाला नाही.

म्हणून बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर आपल्याकडे जी चर्चा झाली ती मला अपुरी वाटते. कॅमेरे, पोलीस पडताळणी, सगळं हवंच. पण टीचरला काय ठाऊक आहे, हे कोण विचारतं? पोक्सो कायदा २०१२ चा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं त्याने प्रत्येकावर बंधनकारक केलंय, न कळवणं गुन्हा आहे.

दुसऱ्या सकाळी मी सगळ्यात तरुण टीचरला विचारलं, एखाद्या मुलीने तुला असं काही सांगितलं तर काय करशील? "मॅडमना सांगेन," ती म्हणाली. आणि मॅडम म्हणाल्या, बघू नंतर, तर? ती बहिणीकडे बघायला लागली.

सगळे नियम कलमांसकट पाठ हवेत असं नाही. मलाही नाहीत, पुस्तक उघडून बघते. पण औषध, मुलं मोजणं, मूल कुणाच्या हातात द्यायचं आणि पोलिसांना कधी कळवायचं, हे पुस्तक न उघडता यायला हवं.

संध्याकाळी बहिणीनेच विषय काढला. "ते पोक्सोचं मराठीत लिहून दे. एका पानात." जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं, वर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८ मोठ्या अक्षरात. ती म्हणाली, भिंतीवर लावते. मी म्हटलं, आधी शनिवारी मुलं गेल्यावर तिघींना आणि मावशींना घेऊन बस, त्या तासाचे पैसे दे, मग लाव.