कोकम घातलं म्हणून व्हिस्की चढायची थांबत नाही

मालवणकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: व्हिस्कीत कोकम किंवा आंब्याचा रस घातला की ती चढत नाही, खुशाल गाडी चालवा. हे साफ चुकीचं आहे, आणि जीवावर बेतणारं आहे.

आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ६० मिलीच्या पेगात साधारण २६ मिली. वरून कितीही रस ओता, ते २६ मिली तेवढंच राहतं. गोडव्याने घशाची जळजळ तेवढी लपते, म्हणून ग्लास भराभर रिकामे होतात. खरा धोका तिथेच. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे. लिंबू, आगळ (कोकमाचा खारा अर्क), कॉफी यांनी ती पातळी उतरत नाही. यकृत आपल्याच गतीने काम करतं.

घरी कोकम-व्हिस्की करायचीच तर आगळ घेऊ नका, त्यात मीठ असतं. साखरेत मुरलेलं अमृत कोकम ३० मिली, पेग मापूनच, लिंबाचे चार थेंब, भरपूर बर्फ, गार पाणी. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीसारखा गडद लाल रंग येतो, आणि आंबटपणा व्हिस्कीला फार छान लागतो. कोकमाऐवजी हापूसचा रस घालायचा तर तो मात्र गाळून घ्या, नाहीतर तळाशी बसतो. गाडीची किल्ली पहिल्या घोटाआधीच न पिणाऱ्याकडे द्या.