लायकर्गसचा पेला आणि फॉरवर्डमधली नॅनोटेक्नॉलॉजी

‘1600 वर्षांपूर्वी रोमन लोकांना नॅनोटेक्नॉलॉजी अवगत होती. सोनं कुटून त्यांनी 50 नॅनोमीटरचे कण केले. पेल्यात विष ओतलं की रंग बदलायचा. पुढे ही विद्या लुप्त झाली.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. सोबतचा फोटो खरा आहे: ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला लायकर्गस पेला. उजेड समोरून पडला तर हिरवा, आत दिवा ठेवला तर माणकासारखा लाल. मजकुराचं मात्र एकेक बघू.

सोनं कुटलं तर वर्ख होतो, नॅनोकण होत नाहीत (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). काचेच्या तप्त रसात सोनं-चांदी विरघळते. मग काच गार होताना किंवा पुन्हा तापवली की अणू गोळा होऊन कण आपोआप वाढतात. या पेल्यात दहा लाख भागांत चांदी सुमारे 300 भाग, सोनं जेमतेम 40. इतकं कमी की ते मोजूनमापून घातलं असेल, हे मला तरी पटत नाही.

‘अवगत’ म्हणाल, तर अशा दुरंगी रोमन काचेचे मोजकेच तुकडे सापडलेत. अखंड पेला हा एकच. हात बसला असता तर एवढ्यावर थांबले असते का?

खरी गंमत रंगात आहे. धातूच्या कणातले इलेक्ट्रॉन ठरावीक रंगाच्या प्रकाशात जोरात झुलतात. तो रंग कण काही गिळतात, काही आजूबाजूला फेकतात. बारीक कण नुसतेच गिळतात; पेल्यातले 50 ते 100 नॅनोमीटरचे, म्हणून फेकतातही भरपूर. फेकलेला हिरवा समोरून दिसतो, उरलेला लाल आरपार येतो. ग्लासभर पाण्यात दुधाचे चार थेंब टाकून टॉर्च लावा: बाजूनं निळसर, टॉर्चच्या समोरून तांबूस. (तिथे धातू नाही, कारणही थोडं वेगळं, पण दुरंगीपणा डोळ्यांना दिसतो.)

विषाचं तर सोडाच. कण काचेत गाडलेले, त्यांचा प्रभाव फार तर काही दहा नॅनोमीटरपर्यंत. आत काय ओतलंय याचा बहुतेक कणांना पत्ताच नसतो. ही वावडी बहुधा 2013 च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठात झालेल्या प्रयोगावरून उठली. तिथे प्लास्टिकच्या पट्टीवरच्या सूक्ष्म खळग्यांत द्रव कणांना थेट भिडत होता. मूळ पेला त्यात नव्हताच.

आणि लुप्त? सतराव्या शतकात योहान कुंकेल जर्मनीत सोन्याची लाल काच करत होता. 1857 मध्ये फॅरडेनं हा लाल रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असल्याचं दाखवलं, 1908 मध्ये गुस्ताव मी (Mie) या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं त्याचं गणित मांडलं.