माठाखालचा भाडेकरू

एप्रिलात परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या पुढं सरकला की जो तो भेटेल त्याला उन्हावरचे उपाय सांगत सुटतो. त्यातले निम्मे उपाय घाम येणाऱ्या जिवांसाठी आहेत. कुत्र्याच्या पिल्लाला घाम येत नाही. येतो तो पंजाच्या गाद्यांना थोडासा, बाकी सगळा कारभार जिभेवर चालतो. जीभ बाहेर काढायची, धाप टाकायची, तोंडातलं पाणी उडवायचं आणि त्यावर अंग गार ठेवायचं. घाम येतो तो त्याच्यामागं परात घेऊन फिरणाऱ्या आपल्याला.

पहिला सल्ला गल्लीतल्या आजींचा. "लेकराच्या गळ्यात कांदा बांध, ऊन बाधत न्हाई." आपण पिढ्यान्‌पिढ्या खिशात कांदा घालून उन्हात फिरत आलो, त्यामुळं सल्ला मायेचाच. पण कांदा कुत्र्याला विषारी. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो, भाजीतला असो की वाळवलेला. शिवाय पिल्लाच्या गळ्यात बांधलेली कुठलीही वस्तू दहा मिनिटांत पिल्लाच्या पोटात असते. द्राक्षं आणि बेदाणेही त्याच यादीत, ते मूत्रपिंडावर जातात. पन्ह्यात साखर-मीठ, म्हणून तेही नाही. गाईच्या दुधानं बऱ्याच पिल्लांना हगवण लागते आणि अंगातलं होतं ते पाणीही जातं. ताक द्यायचंच तर बिनमिठाचं, बिनजिऱ्याचं, पातळ, दोन चमचे. कलिंगड चालतं, बिया आणि साल काढून. आंब्याची फोड एखादी चालते, कोय मात्र नाही. ती पिल्लाच्या आतड्यात अडकली की उन्हाळ्याचा सगळा खर्च एका शस्त्रक्रियेत उरकतो.

मग पंखा. घाम सुकवणं हेच पंख्याचं मुख्य काम, आणि इथं घामच नाही. कोरड्या केसांवर दुपारी दोनची हवा फिरवायची म्हणजे पिल्लाला फोडणी देण्यातला प्रकार. पंख्याचा उपयोग व्हायला आधी पिल्लू ओलं पाहिजे. पाठ भिजवून फारसं हाती लागत नाही, वरचे केस भिजतात आणि कातडी कोरडीच राहते. पोट, काखा, जांघा आणि पंजे भिजवायचे, तिथं केस विरळ असतात. सुती फडकं ओलं करून तिथं फिरवायचं आणि मग पंखा. ओला टॉवेल पाठीवर पांघरून निघून जाणारे लोक पिल्लाला गोधडी घालून गेलेले असतात. पाच मिनिटांत तो टॉवेल अंगाइतकाच गरम होतो आणि आतली वाफ आतच धरून ठेवतो.

कूलरच्या बाबतीत मात्र मराठवाडा नशीबवान आहे. आपली हवा खणखणीत कोरडी, त्यामुळं ओल्या गवतातून ओढलेली हवा खरोखर गार होते. अट एकच, समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी हवी. गारवा बाहेर जाईल म्हणून दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की तासाभरात खोलीची न्हाणी होते. दमट हवेत जिभेवरचं पाणी उडत नाही आणि पिल्लू गार खोलीतही धापत राहतं. जूनमध्ये आभाळ भरून आलं की कूलर असाच दगा देतो. जाळी पिल्लाच्या नाकापासून लांब ठेवा आणि वायर भिंतीवरून न्या. दात येणाऱ्या पिल्लाला कूलरची वायर उसाच्या कांडीसारखी वाटते. नव्या गवताचा भुसा पहिल्या दिवशी उडतो, तेव्हा आधी तासभर खोली रिकामी ठेवून कूलर चालवा. टाकीत पाणी ओतताना मात्र शेजारी बघत नाहीत ना, एवढं पाहावं. ज्या मुलखात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं कुत्र्यासाठी बादल्या ओतणारा माणूस निवडणुकीत उभा राहू शकत नाही.

पाण्याचा खरा घोटाळा नळाशी होतो. छतावरची काळी टाकी दिवसभर तापते आणि दुपारी तिचा नळ म्हणजे बिनसरपणाचा बंब. ते पाणी वाटीत भरून लोक म्हणतात, पिल्लू पाणीच पीत नाही. सकाळी सहालाच दोन बादल्या भरून घराच्या उत्तरेला झाकून ठेवायच्या आणि दिवसभराचं प्यायचं, पुसायचं सगळं त्यातून.

किती पाजायचं? तीन किलोच्या पिल्लाला एरवी दिवसाला दोनशे ते तीनशे मिली लागतं. उन्हाळ्यात याच्या दुप्पट धरून चालावं, आणि पीठ भिजवल्यासारखं ओलं खाणं दिलं तर त्यातलं पाणीही मोजावं. भांडं मातीचं परळ. स्टीलची वाटी तापते, वाजते आणि पालथी होते. परळ जड असतं, पाझरतं आणि पाझरल्यामुळं पाणी गार ठेवतं. अडचण अशी की पिल्लू आधी त्यात पाय बुडवतं. हे चुकीचं नाही, पंजे ओले करणं हा त्याच्या दृष्टीनं पाण्याचा पहिला उपयोग आहे. म्हणून दोन भांडी ठेवायची, परळ प्यायला आणि पसरट परात दोन बोटं पाणी घालून पाय ठेवायला. मग ते परातीतलं पितं आणि परळात उभं राहतं. यावर मला उपाय सापडलेला नाही. दोन्ही भांडी दिवसातून तीनदा धुवा.

बर्फाची बाटली हा चांगला उपाय. लिटरची बाटली पाऊणच भरायची, बर्फ फुगतो. रात्रभर गोठवून जाड मोज्यात घालायची, उघडी बाटली पोटाला चटका देते. फरशीच्या एका कोपऱ्यातच ठेवायची, म्हणजे नको झालं तर पिल्लाला उठून जाता येतं. आपली नजर असेपर्यंतच ती बाहेर. झाकण हा बाटलीचा सगळ्यात चविष्ट भाग असतो. रात्री लाइट गेली की बाटली अर्धीच गोठते, तेव्हा दोन बाटल्या आलटून पालटून फिरत्या ठेवा.

आणि जागा. गच्चीवर किंवा पत्र्याखाली पिल्लाचं घर बांधू नये. पत्रा म्हणजे उलटा टाकलेला तवा. जुन्या धाब्याच्या घरात मातीचं छत असतं, तिथं यातलं निम्मं काही करावंच लागत नाही. नव्या घरात शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर चटई घालू नका. आपण महागडी गादी आणतो आणि पिल्लू तिच्यावरून उतरून न्हाणीच्या उंबऱ्याला पोट लावून झोपतं. त्याचं बरोबर आहे. शेवटी प्रत्येक पिल्लू एक जागा शोधतंच, माठाच्या तिवईखाली. वर पाझरणारं मडकं, खाली ओली वाळू, मागं भिंतीची सावली. भाडं म्हणून ते रोज थोडी वाळू घरभर पसरवतं. त्याला तिथून उठवू नये. आपण नंतर दोन मूठ वाळू आणि एक तांब्या पाणी तिथं टाकावं.

केसांविषयी एक तक्रार. लातूरच्या उन्हात हस्की पाळणाऱ्याला समजावायची वेळ केव्हाच निघून गेलेली असते, पण निदान त्याला वस्तरा लावू नका. दुहेरी केसांचा थर उन्हापासूनही राखतो आणि तो कापला की कातडी भाजते. रोज विंचरून आतली मेलेली लोकर काढली तरी पुरे. पग आणि शिझूसारखी चपट्या नाकाची पिल्लं सगळ्यात आधी आडवी होतात, कारण धाप टाकायचा रस्ताच अरुंद असतो. विंचरताना कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा, उन्हाळ्यात ती फार वाढते. औषध पिल्लाच्या वयावर आणि वजनावर ठरतं, तेव्हा गोठ्यातली बाटली वापरू नका.

आता थट्टा बाजूला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. एवढा ताप आपल्याला आला तर घरचे सलाईन लावून मोकळे होतील. १०४ च्या वर मात्र धोका सुरू. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटले, उलटी झाली, तर पिल्लू तिथंच सावलीत घ्या, अंगावर साधं गार पाणी ओतत राहा, जोरात वारा घाला आणि दुसऱ्या माणसाला डॉक्टरांना फोन लावायला सांगा. आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं, आणि वाटेतही ओलं ठेवायचं. थर्मामीटर गुदद्वारात लावून बघा, १०३ ला आलं की पाणी थांबवा, नाहीतर उलट गारठा भरतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. पिल्लू उठून शेपूट हलवायला लागलं तरी दवाखाना चुकवायचा नाही, आतल्या अवयवांना झालेली इजा एक-दोन दिवसांनी कळते. आणि उभ्या गाडीत "पाचच मिनिटं" म्हणून कधीच ठेवू नका. काच चार बोटं उतरवून काही फरक पडत नाही.

फिरायला न्यायचं ते लसींचा कोर्स पुरा झाल्यावरच, आणि तेही सकाळी सातच्या आत. संध्याकाळचा भरवसा नाही, डांबर दिवस मावळल्यावरही दिवसाचा राग काढत बसतं. परीक्षा सोपी आहे. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवायची. तेवढा वेळ टेकवून ठेवता आली नाही तर पिल्लू घरी. रात्री आठला रस्त्याच्या मधोमध उकिडवं बसून एक ते सात मोजणाऱ्या माणसाजवळ पहिल्या दिवशी लोक थांबून विचारतात, "काय हरवलंय ओ काका?" दुसऱ्या दिवशी तेही मोबाइलचा उजेड पाडून शोधायला लागतात. चौथ्या सेकंदाला हात उचलून आपण उठतो, आणि इकडं पिल्लू तिवईखाली केव्हाच घोरायला लागलेलं असतं.