‘विंडोज मारलं की सगळं उघडतंय’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, जुन्या मशीनमधले लॉक झालेले ड्राइव्ह कसे उघडायचे या माझ्या लेखावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या मशीनच्या आतले डी-ई ड्राइव्ह लॉक झाले तर एवढं पुराण लावायची गरज नाही, सी (विंडोज असतं तो ड्राइव्ह) फॉरमॅट करून विंडोज नवीन मारलं की सगळं उघडतंय, पासवर्ड असला तर मदरबोर्डावरचा सेल काढायचा, आणि माझ्यासारखे लोक असलं लिहून गिऱ्हाइकाला उगाच घाबरवतात. शेवटी तुम्ही विचारलंय की तुमच्या टेबलावर आत्ता एक मशीन आहे, ई ड्राइव्हवर पिवळं कुलूप दिसतंय, त्याचं काय करायचं ते सांगा बघू. सांगतो, पण आधी फॉरमॅटचं बोलू, कारण माझा सगळा विरोध तिथंच आहे.

विंडोज नवीन टाकल्यावर ड्राइव्ह उघडतात हा तुमचा अनुभव खोटा नाही. ज्या ड्राइव्हला मुळात कुलूपच नसतं ते उघडणारच. पण उलटंही तितकंच होतं. विंडोज ७ वरचं जुनं मशीन, त्यात नवीन एसएसडी घालून विंडोज १० टाकलं, जुनी हार्ड डिस्क आत तशीच ठेवली, आणि मग जुन्या युजरच्या फोल्डरवर क्लिक केलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही, आतल्या एका लांबलचक नंबरानं ओळखतं, म्हणून नव्या विंडोजमध्ये तेच नाव ठेवून युजर केला तरी तो परकाच. हे कुलूप सगळ्यात साधं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, तिथं ॲडव्हान्स्ड, तिथं ओनर बदलायचा, मग स्वतःला फुल कंट्रोल द्यायचा, झालं. मी फक्त एवढंच म्हणतो की पाहिजे त्या फोल्डरपुरतंच करा, चालू विंडोजच्या अख्ख्या सी ला असलं करू नका, नाहीतर विंडोजच आजारी पडतं.

आता ओनर बदलला, फोल्डर उघडला, पण आतल्या फायली हिरव्या नावाच्या दिसतात आणि उघडत नाहीत, असं कधी बघितलंय का? एक्सपी आणि ७ च्या काळात कुणीतरी फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘एन्क्रिप्ट’ ला (म्हणजे फायली किल्लीशिवाय वाचता येऊ नयेत अशा करायला) टिक केलेली असते आणि विसरून गेलेला असतो. त्या फायलींची किल्ली असते जुन्या युजरच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे सी वर. सी फॉरमॅट केला की किल्ली गेली, आणि कुणी तिचा बॅकअप घेतला नसेल तर फायली डोळ्यासमोर दिसत असून कायमच्या गेल्या. इथं तुमचा उपाय म्हणजे घराची किल्ली ज्या कपाटात आहे ते कपाटच जाळणं. मला राग येतो तो याचा, तुमचा नव्हे.

एक प्रसंग सांगतो. शाहूपुरीत गुळाची अडत असलेले एक काका आहेत, मशीन थर्ड जनरेशन आय थ्रीचं. भाच्यानं कधीतरी दोन्ही ड्राइव्हना बिटलॉकर, म्हणजे अख्खा ड्राइव्ह बंद करणारं विंडोजचंच कुलूप, लावून दिलेलं. चालू करताना काका एक पासवर्ड टाकायचे, डी आपोआप उघडायचा, त्यामुळं डी ला वेगळा पासवर्ड आहे हे सगळे विसरले. ऐन सिझनला मशीन स्लो झालं म्हणून कुणीतरी सी फॉरमॅट करून दिला. डी आपोआप उघडायची सोय सी वरच साठवलेली असते, ती फॉरमॅटबरोबर गेली, आणि अडतीचे सगळे हिशोब असलेल्या डी वर पिवळं कुलूप. काका खुर्चीत बसून नुसतं बघत होते, चहा गार झाला तरी हात लावला नाही.

बिटलॉकर फोडून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर नेटवर ढीगभर आहेत. पासवर्ड किंवा रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर वापरायची राखीव किल्ली) नसेल तर त्यांच्यावर एक रुपया घालवू नका. ती की ४८ आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट. काकांच्या भाच्यानं ती एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर पेनानं लिहून ठेवलेली, वही पावसाच्या ओलीनं फुगलेली, आणि एका गटातला एक आकडा १ आहे की ७ तेच कळेना. इथं एक गोष्ट कामाला आली, जी प्रत्येक रिपेअरवाल्यानं लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. सहा आकड्यांच्या प्रत्येक गटाला ११ नं पूर्ण भाग जातो. समजा गट ४१३१२७ की ४१३७२७ असा घोळ आहे (खरा आकडा अर्थातच देत नाही), तर पहिल्याला ११ नं भागलं की बरोबर ३७५५७ येतात, दुसऱ्याला भागलं तर ६ उरतात. म्हणजे पहिला बरोबर. गटातला एकच आकडा पुसला असेल तर या हिशोबात त्या जागी एकच आकडा बसतो. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम. आम्ही टाकलं, डी उघडला, आणि आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून मगच बिटलॉकर काढायला लावलं, कारण ते काढताना जुनी डिस्क तासन् तास रगडली जाते आणि पावसात लाईटचा भरवसा नाही.

सेलचं म्हणाल तर तिथं तुमचं थोडं बरोबर आहे आणि माझ्या लेखात ते राहिलं होतं. जुन्या डेस्कटॉपच्या बायोसचा (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालतो तो प्रोग्राम) पासवर्ड बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढून बऱ्याचदा जातो. पण बायोसमधून हार्ड डिस्कला लावलेला पासवर्ड वेगळा, तो डिस्कच्या आत बसतो. सेल काढा, डिस्क दुसऱ्या मशीनला लावा, कुलूप डिस्कबरोबर जातं, आणि अशी डिस्क पासवर्डशिवाय फॉरमॅटसुद्धा होत नाही. अंदाजानं पासवर्ड टाकत बसलात तर पाच चुकांनंतर डिस्क ऐकायचंच बंद करते, पॉवर बंद करून परत चालू करेपर्यंत. आणि टीपीएमवाल्या (किल्ल्या सांभाळणारी चिप असलेल्या) मशीनला बिटलॉकर असेल तर बायोसमध्ये नुसता हात घातला तरी ते चालू होताना ४८ आकडी की मागू शकतं. म्हणून सेल काढायच्या आधी गिऱ्हाइकाला ‘की आहे का’ विचारा.

आता तुमच्या टेबलावरचं मशीन. पिवळं बंद कुलूप म्हणजे बिटलॉकरच. पहिलं काम, सी ला हात लावू नका. ‘फॉरमॅट करायचा का’ असा डबा आला तर कॅन्सल. ई वर डबल क्लिक करा, पासवर्ड माहीत नसेल तर मोअर ऑप्शन्समध्ये रिकव्हरी की टाकायला जा, तिथं की आयडीची पहिली आठ अक्षरं दिसतात, ती लिहून घ्या. मग मालकाला समोर बसवून त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, जुन्या पेन ड्राइव्हमधल्या टेक्स्ट फायलीत, प्रिंट काढलेल्या कागदात तोच आयडी शोधा. मालक कोण ते आधी नक्की करा, मशीन घेऊन येणारा मालकच असतो असं नाही. की सापडली आणि एखादा आकडा पुसट असेल तर ११ नं भागून बघा, तरी अडलं तर शनिवारी दुपारनंतर मी मोकळा आहे, दुकानात येतो. सेलबद्दलचा परिच्छेद लेखात आजच घालतो.