सनमायका की रंग: परभणीहून आलेल्या प्रतिक्रियेस उत्तर

नमस्कार.

घरी बनवलेल्या आर्केड मशीनच्या, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणांनी खेळायच्या व्हिडिओ गेमच्या मशीनच्या, खोक्याला रंगापेक्षा सनमायका लावावा, या माझ्या सल्ल्यावर आपण सविस्तर आक्षेप घेतला, त्याबद्दल आभार. सनमायकामुळे मशीन स्वयंपाकघरातल्या कपाटासारखे दिसते, मूळ मशीनना रंगच असे आणि खरवडलेला रंग घरच्या घरी पुन्हा मारता येतो, असे आपले म्हणणे आहे.

मूळ मशीनचा मुद्दा अर्धाच खरा आहे. अमेरिकेत मिडवे कंपनीने १९८० साली काढलेल्या पॅक-मॅन या खेळाच्या मशीनच्या बाजूंवर स्टेन्सिल ठेवून रंगवलेली चित्रे होती. पण त्या काळातल्या कित्येक मशीनवर व्हिनाइल किंवा सनमायकासारखे लॅमिनेटही चढवलेले असे. शिवाय ते रंगकाम कारखान्यात होत असे आणि आपण ते परभणीत, पत्र्याच्या शेडमध्ये करणार आहात.

माझा सल्ला मुख्यतः इथल्या हवेमुळे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना फवारलेल्या डुकोतले (झटपट वाळणाऱ्या लॅकर रंगातले) थिनर इतक्या झपाट्याने उडते की रंगाचे थेंब पृष्ठभागावर पोचेपर्यंत अर्धे वाळलेले असतात आणि हात फिरवला की पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा लागतो. त्यावर दुपारचा वारा धूळ आणून बसवतो, ती वेगळीच. पावसाळ्यात याच्या उलट होते: थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि काळ्या रंगावर पांढुरकी झाक येते. बंद खोली आणि चांगला कॉम्प्रेसर असलेल्या रंगाऱ्याकडे काम देणार असाल, तर माझी काहीच हरकत नाही.

मात्र कंट्रोल पॅनेलच्या, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणे बसवलेल्या फळीच्या, बाबतीत मी आग्रहीच राहीन. खेळणाऱ्याचे मनगट सतत एकाच जागी टेकते, घाम लागतो, जॉयस्टिकभोवती बोटे घासतात. तिथला रंग आधी चकाकतो, मग पातळ होतो. बटणांच्या ३० मिलिमीटरच्या भोकांपाशी आणखी एक अडचण येते. वरून कोरडा वाटणारा एनॅमल आतून ओला असेल आणि खालून नट आवळला, तर बटणाची कड रंगात रुतते. पुढे बटण बदलायला काढले की रंगाचे कडेच्या कडे उचलून येते. सनमायकाच्या वरच्या थरात मेलामाइन असते, त्यामुळे तो घाम आणि घासणे दोन्ही सहज सोसतो. भोके मात्र दर्शनी बाजूने, वर मास्किंग टेप लावून आणि खाली टाकाऊ फळी धरूनच पाडावीत, नाहीतर कड टवका होऊन उडते.

कपाटाचा आरोप चकचकीत सनमायकाला लागू पडतो, हे मान्य. म्हणून मॅट किंवा स्वेड (मखमली पोताचा) घ्यावा. चकचकीत पृष्ठभागात समोरचा दिवाही दिसतो. स्क्रीनभोवतीच्या चौकटीला तर मी स्वतः मॅट काळा रंगच देतो, कारण तिथे हात लागत नाही. आतल्या बाजूलाही रंग पुरतो, पण एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) एका बाजूने सनमायका आणि दुसऱ्या बाजूने उघडा ठेवल्यास फळी वाकते, तेव्हा मोठ्या बाजूंना आतून निदान स्वस्तातला लायनर (आतून लावायचा पातळ सनमायका) लावावा.

दुरुस्तीबाबत आपण बरोबर आहात: टवका उडालेला सनमायका बेमालूम जोडता येत नाही. त्यावर उपाय कडांना पट्टी बसवण्याचा. टी-मोल्डिंग (कडेतल्या खाचेत बसणारी पट्टी) आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत सहसा मिळत नाही. पीव्हीसी एज बँड (कडेला चिकटवायची प्लास्टिकची पट्टी) मिळतो आणि हीट गनने ऊब दिली की गोलाईवर नीट वळतो.

आपला एमडीएफ कापून तयार आहे आणि आपल्याला रंगच द्यायचा आहे, असे प्रतिक्रियेच्या शेवटी लिहिले आहे. तसे असेल तर पाऊस सरल्यानंतरचे कोरडे दिवस निवडावेत आणि वारा सुटण्याआधी, सकाळी रंगाचा हात मारावा. कापलेल्या कडा मधल्या सच्छिद्र भागामुळे रंग पिऊन टाकतात. त्यांना आधी सीलर, मग लांबी (पुट्टी) आणि घासून झाल्यावर प्रायमर द्यावा. पाण्यातला प्रायमर उघड्या कडेला लावू नये, तिथला भुसा फुगतो. बटणे बसवण्याची घाई करू नये. न दिसणाऱ्या कोपऱ्यात नख दाबून पाहावे आणि वळ उठत असेल तर आणखी थांबावे.